‘पात्र पुरवठादार सापडला नाही’ : ड्रोनची प्रदर्शने आणि आपले चार टक्के

गेल्या काही वर्षांत आपल्या देशात एक नवी जत्रा भरू लागली आहे. ती आहे ड्रोनची आणि स्वयंचलित यंत्रांची जत्रा. २७ व २८ मे २०२२ रोजी दिल्लीच्या प्रगती मैदानावर ‘भारत ड्रोन महोत्सव’ झाला. पंतप्रधानांनी त्याचे उद्घाटन केले आणि सत्तरहून अधिक प्रदर्शकांनी आपापली यंत्रे तेथे मांडली. त्याच वर्षी ऑक्टोबरात गांधीनगरला ‘डिफेन्स एक्स्पो’ भरला. फक्त भारतीय कंपन्यांसाठी भरलेला तो पहिलाच. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्याजवळ मोशी येथे लघु व मध्यम उद्योगांचे संरक्षण प्रदर्शन झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळुरूच्या येलहंका हवाई तळावर ‘एअरो इंडिया’ झाले, त्यात शेकडो प्रदर्शक होते. मे २०२५ मधील ‘ऑपरेशन सिंदूर’नंतर तर ड्रोन हा शब्द खेड्यापाड्यातल्या पानटपरीवरही ऐकू येऊ लागला. एवढ्या गाजावाजात एक साधा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. या प्रदर्शनात टेबलाच्या मागे उभा कोण आहे, टेबलासमोर उभा कोण आहे आणि जो मंडपातच नाही तो कोण आहे?

प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तरात सरकारी खरेदीतले हजारो कोटी रुपये आणि आपल्या शिकलेल्या पोरांचे भवितव्य दडलेले आहे. म्हणून आम्ही आज या विषयाला हात घालत आहोत.

आधी हे प्रदर्शन चालते कसे ते समजून घेतले पाहिजे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, ही हौशी लोकांची गर्दी आहे, फोटो काढायचा आणि घरी जायचे. वस्तुस्थिती तशी नाही. ही खरेदी-विक्रीची पेठ असते. आयोजक जागा चौरस मीटरने विकतात. सर्वात लहान तयार स्टॉल साधारण तीन बाय तीन मीटरचा, म्हणजे नऊ चौरस मीटरचा असतो. तीन बाजूंना पडदी, वर नावाची पाटी, एक टेबल, दोन खुर्च्या, विजेचा एक जोड. मोठ्या प्रदर्शनात एवढ्याच जागेचे भाडे करासह लाखाच्या पुढे जाते. त्यात यंत्र नेण्याआणण्याचा खर्च, दोन माणसांचा चार-पाच दिवसांचा मुक्काम, माहितीपत्रके आणि त्या आठवड्यात बंद राहिलेल्या वर्कशॉपचे नुकसान मिळवा. ज्यांना हे परवडत नाही ते एखाद्या राज्याच्या, सरकारी महामंडळाच्या किंवा बड्या कंपनीच्या दालनात कोपरा मिळवतात. आणि तो कोपरा ओळखीवर मिळतो, हे आम्ही निराळे सांगायला नको.

सुरुवातीचे दिवस बहुधा व्यापारी पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले असतात. लष्कराचे, पोलिसांचे, कृषी खात्याचे, महापालिकांचे आणि सार्वजनिक उपक्रमांचे खरेदी अधिकारी तेव्हा फिरतात. कोण काय बनवतो, किती दिवसांत देतो, कोणाची प्रमाणपत्रे पूर्ण आहेत, याची टिपणे ते घेतात. पुढे सहा महिन्यांनी निविदा निघते तेव्हा तिच्या अटी कोरड्या कागदावर जन्माला आलेल्या नसतात. जे यंत्र अधिकाऱ्याने पाहिले, त्याच यंत्राच्या मापाने अटी शिवल्या जातात. जो दिसला नाही त्याच्या मापाचा सदरा कोणी शिवत नाही. प्रदर्शनात मांडणी करण्याचे महत्त्व यात आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ च्या कलम ११ खाली केंद्र सरकारने २०१२ साली सार्वजनिक खरेदीचा आदेश काढला. केंद्राची मंत्रालये, खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या वार्षिक खरेदीचा ठरावीक हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा, असा तो आदेश आहे. हा हिस्सा आधी २० टक्के होता, तो २०१८ च्या दुरुस्तीने २५ टक्के झाला. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून आणि ३ टक्के महिला उद्योजकांकडून घ्यायचे आहेत. भागीदारीत किंवा प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत किमान ५१ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींचा असला, तर तो उद्योग या ४ टक्क्यांत बसतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा केंद्रात मिळालेला आहे. त्यामुळे आपला बौद्ध उद्योजक या तरतुदीच्या बाहेर नाही, हेही ध्यानात ठेवावे.

इथपर्यंत सारे गोड आहे. खरी मेख त्याच्या परंतुकात आहे. अनुसूचित जाती-जमातीचे उद्योग निविदेत उतरले नाहीत, किंवा निविदेच्या अटी व सर्वात कमी किंमत त्यांना जमली नाही, तर ते ४ टक्के इतर सूक्ष्म व लघु उद्योगांकडून भरून काढावेत, असे तेथे लिहिले आहे. म्हणजे आपला हिस्सा रिकामा राहत नाही, तो दुसऱ्याच्या ताटात जातो आणि कागदावर कोणताही भंग होत नाही. शिक्षणात आणि नोकरीत ‘पात्र उमेदवार उपलब्ध नाही’ हे वाक्य आपण कित्येक वर्षे ऐकत आलो आहोत. खरेदीच्या फायलीत त्याच वाक्याचा धाकटा भाऊ बसला आहे. त्याचे नाव ‘पात्र पुरवठादार सापडला नाही’.

परिणाम काय झाला? सूक्ष्म व लघु उद्योगांकडून खरेदीचे एकूण उद्दिष्ट केंद्राने ओलांडले, असे सरकारचीच आकडेवारी सांगते. परंतु अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांचा वाटा ४ टक्क्यांच्या जवळपासही पोहोचला नाही. गेली काही वर्षे तो एका टक्क्याच्या आसपासच घुटमळत आहे. एकूण उद्दिष्ट पूर्ण होते आणि नेमका आपलाच हिस्सा अपुरा राहतो, याला योगायोग म्हणायचे काय? आम्ही म्हणणार नाही.

वकिलाच्या भाषेत सांगायचे तर हा पुराव्याचा प्रश्न आहे. ‘सापडला नाही’ म्हणणाऱ्याला खोटे पाडायचे असेल, तर आम्ही येथे होतो, अमुक दिवशी अमुक दालनात आमचा स्टॉल होता, तुमच्या खात्याच्या अधिकाऱ्याने आमचे माहितीपत्रक घेतले, भेटवहीत त्यांची नोंद आहे, हे दाखवता आले पाहिजे. प्रदर्शकांच्या छापील यादीतले आपल्या उद्योगाचे नाव हा एक दस्तऐवज आहे. म्हणून स्टॉलकडे मिरवण्याची जागा म्हणून पाहू नका. हक्काचा दावा जेथे नोंदवला जातो ती जागा म्हणून पाहा.

येथे कोणी म्हणेल, यंत्राच्या मागे लागणे हा आपल्या चळवळीचा मार्ग आहे काय? त्यांना आम्ही बाबासाहेबांकडे पाहायला सांगतो. यंत्रसंस्कृतीवर जे टीका करीत होते त्यांना बाबासाहेबांनी १९४५ सालच्या ‘काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या ग्रंथात सडेतोड उत्तर दिले आहे. त्यांच्या विवेचनाचा आशय असा की, दुष्परिणामांचे मूळ यंत्रात नाही, यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेत आहे. माणसाला जनावरासारखे राबण्यातून सोडवून मनाच्या विकासासाठी फुरसत देणारी गोष्ट यंत्रच आहे. बाबासाहेब यंत्राच्या विरोधात नव्हते. यंत्र कोणाचे, हा त्यांचा प्रश्न होता. ड्रोनच्या बाबतीत तोच प्रश्न आपण आज विचारला पाहिजे.

या कसोटीवर स्वयंचलित यंत्रांचे कोणतेही प्रदर्शन तपासून पाहा. त्यातले तीन उपयोग थेट आपल्या माणसांच्या जगण्याला भिडतात.

पहिला उपयोग गटारांचा. हाताने मैला साफ करण्यास मनाई करणाऱ्या २०१३ च्या कायद्याचे कलम ३३ स्थानिक संस्थांवर स्पष्ट कर्तव्य टाकते. गटारे व मलटाक्या साफ करण्यासाठी त्यांनी योग्य ती यंत्रसामग्री वापरली पाहिजे. २०१४ च्या सफाई कर्मचारी आंदोलन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मृतांच्या कुटुंबांना १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २०२३ च्या बलराम सिंह खटल्यात ही रक्कम ३० लाख केली. २०१८ सालीच केरळातल्या तरुण अभियंत्यांनी ‘बँडिकूट’ नावाचे गटारात उतरणारे यंत्र तयार करून दाखवले. म्हणजे कायदा आहे, निकाल आहेत, यंत्रही आहे. तरीही आपल्या माणसांचे गटारात गुदमरून मरणे थांबलेले नाही. सीमेवर माणूस मरू नये म्हणून यंत्र हवे हे ज्यांना चटकन पटते, त्यांना गटारात माणूस मरू नये म्हणून यंत्र हवे हे पटायला इतका वेळ का लागतो? कारण सीमेवर कोणाचाही मुलगा असू शकतो. गटारात मात्र कोणाचा मुलगा असतो हे साऱ्या देशाला ठाऊक आहे. महापालिकांचे अधिकारी प्रदर्शनाला येतात. कलम ३३ ची प्रत त्यांच्या हातात देणारा माणूस तेथे उभा पाहिजे.

दुसरा उपयोग फवारणीचा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. पाठीवर पंप घेऊन शिवारात फिरणारा माणूस बहुतेक वेळा भूमिहीन असतो. ड्रोनने फवारणी केली तर विष त्याच्या अंगावर पडणार नाही, हे निर्विवाद चांगले आहे. पण त्याचा रोजही जाईल. मग ड्रोनची मालकी कोणाकडे जाणार हा प्रश्न निर्णायक ठरतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली. १,२६१ कोटी रुपये, १५,००० महिला बचत गट, ड्रोनच्या किमतीच्या ८० टक्के आणि जास्तीत जास्त ८ लाख रुपये अनुदान, आणि पंधरा दिवसांचे प्रशिक्षण, असे तिचे स्वरूप ठरले. त्याआधी २०२२ साली कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ड्रोनसाठी ५० टक्के, कमाल ५ लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली. आता विचार करा. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्या मजुराला शेतकरी म्हणून हे अनुदान कसे मिळणार? आणि गावातल्या पंधरा बचत गटांपैकी ड्रोन आपल्या वस्तीतल्या गटाकडे येईल की सरपंचाच्या वाड्यातल्या गटाकडे? ज्याच्या हातून पंप सुटतो त्याच्या घरात ड्रोनचा रिमोट आला पाहिजे, ही आपली मागणी असली पाहिजे.

तिसरा उपयोग मोजणीचा. २४ एप्रिल २०२० रोजी ‘स्वामित्व’ योजना सुरू झाली. ड्रोनने गावठाणाचे छायाचित्र घ्यायचे, घरांच्या हद्दी ठरवायच्या आणि घरमालकाला मिळकत पत्रिका द्यायची. १८ जानेवारी २०२५ रोजी एका दिवसात ६५ लाखांहून अधिक पत्रिका वाटल्या गेल्या. प्रदर्शनांतून ही योजना ड्रोनचे यश म्हणून मांडली जाते आणि ज्याला पत्रिका मिळाली त्याचे भले झाले हेही खरे. परंतु योजना गावठाणाची आहे. आपल्या किती वस्त्या गावठाणाच्या हद्दीबाहेर, गायरानावर उभ्या आहेत? ड्रोनच्या कॅमेऱ्याला आपले घर दिसते, पण महसुली रेषेला ते दिसत नाही. महाराष्ट्रात गायरानावरील दोन लाखांहून अधिक अतिक्रमणांचा प्रश्न २०२२ साली उच्च न्यायालयासमोर आला आणि ती काढण्याच्या नोटिसा वस्त्यांवर येऊन धडकल्या. मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे. गायराने मोकळी करण्याचा आदेश देणाऱ्या २०११ च्या जगपाल सिंग निकालातही सर्वोच्च न्यायालयाने भूमिहीन मजूर व अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांसारख्या बाबींचा अपवाद ठेवलेला आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली ज्या जमिनीसाठी सत्याग्रह केला, तिच्या नकाशाची रेषा आज आकाशातून ओढली जात आहे. ती रेषा ओढणाऱ्यांत आपला एकही भूमापक, एकही ड्रोनचालक नसेल, तर ती रेषा कोठून जाईल हे सांगायला ज्योतिषी नको.

तेव्हा आपण मंडपात नाही असे म्हणणेही पुरते खरे नाही. स्टॉलवरच्या छायाचित्रांत आपण आहोत. गटारात उतरणारा, फवारणी करणारा, पत्र्याच्या घरात राहणारा, हे सारे ‘समस्या’ म्हणून तेथे टांगलेले असतात. ‘उपाय’ विकणारा दुसराच असतो. हे बदलायचे असेल तर आपले तरुण टेबलाच्या मागे गेले पाहिजेत.

ते कसे जातील? आमच्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या तरुणांत आयटीआय झालेले, डिप्लोमावाले, चाकण-भोसरी-बुटीबोरीच्या कारखान्यांत सीएनसी चालवणारे आणि स्वतःचे छोटे वर्कशॉप टाकलेले असे अनेक आहेत. ड्रोन म्हटले की त्यांना वाटते, हे आयआयटीवाल्यांचे काम. मुंबईच्या आयआयटीतून निघालेल्या मुलांनी २००७ साली सुरू केलेली ‘आयडियाफोर्ज’ २०२३ साली शेअर बाजारात गेली, हे खरेच आहे. परंतु ड्रोन म्हणजे केवळ संगणकाची आज्ञावली नव्हे. त्याला सांगाडा लागतो, मोटार लागते, पंखे लागतात, बॅटरीचा जोड लागतो, वायरिंग लागते, फवारणीची टाकी आणि नोझल लागतात, ने-आण करायची पेटी लागते आणि मोडल्यावर दुरुस्त करणारा लागतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, सुटे भाग मात्र मोकळे ठेवले. त्यामुळे देशी भागांची गरज आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिनी भागांच्या कारणावरून लष्कराने ४०० ड्रोनचे करार रद्द केले, तेव्हा तर ती साऱ्यांना कळून चुकली. सरकारच्या १२० कोटींच्या ड्रोन प्रोत्साहन योजनेतही ड्रोन बनवणाऱ्या लघुउद्योगाला २ कोटींची उलाढाल लागत होती, पण सुटे भाग बनवणाऱ्याला ५० लाखांची पुरत होती. आपल्या वर्कशॉपला शिरायला दरवाजा आहे तो येथे.

प्रदर्शनाला जाणाऱ्यांना आम्ही वकील म्हणून चार गोष्टी सांगू इच्छितो.

पहिली गोष्ट, नवे काही बनवले असेल तर पेटंटचा अर्ज केल्याशिवाय ते मांडू नका. पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये प्रदर्शनात मांडलेल्या शोधाला १२ महिन्यांचे संरक्षण आहे, पण केंद्राने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरतेच. इतर ठिकाणी तुम्ही हौसेने दाखवलेली वस्तू तुमच्याच पेटंटच्या आड येऊ शकते. तात्पुरत्या तपशिलाचा अर्ज व्यक्तीला किंवा नवउद्योगाला १६०० रुपयांत ऑनलाइन करता येतो आणि पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात.

दुसरी गोष्ट, ‘उद्यम’ नोंदणी आणि जातीचा दाखला यांच्या प्रती स्टॉलवर तयार ठेवा. आपण ४ टक्क्यांच्या हिश्श्यातले आहोत हे खरेदी अधिकाऱ्याला तोंडी नव्हे, लेखी सांगा आणि पोच घ्या. दाखला दाखवायला लाज वाटते असे काही तरुण म्हणतात. जो हक्क संविधानाने दिला तो मागताना मान खाली घालण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट, फोटो काढून झालेला सामंजस्य करार म्हणजे खरेदी आदेश नव्हे. त्यावर बँक कर्ज देत नाही आणि त्यातली बहुतेक वाक्ये न्यायालयात टिकत नाहीत. आदेश मिळाल्यावर माल दिला आणि ४५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर २००६ च्या कायद्याखाली चक्रवाढ व्याजासह वसुलीसाठी सुविधा परिषदेकडे जाता येते. तो मार्ग वापरा.

चौथी गोष्ट, खर्चाची. ऑक्टोबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हबमध्ये प्रदर्शनात भाग घेण्यासाठी अर्थसाहाय्याची विशेष तरतूद ठेवण्यात आली. हे काम राष्ट्रीय लघुउद्योग निगमाकडे आहे. प्रदर्शन जाहीर होताच त्यांच्या कार्यालयाचा उंबरठा झिजवायला सुरुवात करा. आपल्या समाजाचा निधी वापराविना परत जातो आणि मग मागणीच नव्हती असा शेरा बसतो.

आता सर्वात अवघड प्रश्न. या प्रदर्शनांत फवारणीचे ड्रोन असतात तसे बॉम्ब टाकणारेही असतात. लक्ष्य दिसेपर्यंत आकाशात घिरट्या घालून त्यावर आदळणारी शस्त्रे असतात. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी शंभू सीमेवर हरियाणा पोलिसांनी ड्रोनमधून शेतकऱ्यांवर अश्रुधुराच्या नळकांड्या टाकल्या आणि शेतकऱ्यांनी पतंग उडवून ते पाडण्याचा प्रयत्न केला, हे आपण पाहिले. स्वयंचलित शस्त्रांच्या धोक्याकडे लक्ष वेधणारा ठराव डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १५२ विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाला. त्या चार विरोधी मतांत एक भारताचे होते. बुद्धाच्या देशाने हे मत दिले!

भगवान बुद्धांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले त्यात पहिला शस्त्रांचा आहे. अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविकेला स्थान आहे. मग ४ टक्क्यांच्या हक्कासाठी आपण शस्त्रांच्या बाजारात स्टॉल मांडायचा काय? ‘आधी शिरू द्या, नीतीचे नंतर पाहू’ असे म्हणणारे आपल्यात आहेत. दुसरीकडे ‘असल्या बाजाराचे तोंडही पाहू नका’ असेही म्हणणारे आहेत. आमच्या मते दोघेही अर्धे बरोबर आहेत. पहिल्यांचे ऐकले तर आपण उद्या आपल्याच मोर्चावर धूर सोडणाऱ्या यंत्राचे पंखे बनवत बसू. दुसऱ्यांचे ऐकले तर गटाराचे, शेताचे आणि नकाशाचे यंत्रही दुसऱ्याच्या ताब्यात राहील.

रेषा ओढता येते. कायदाही ती ओढतो. जून २०२३ मध्ये केंद्राने ड्रोन निर्यातीची अट सैल केली ती नागरी वापराच्या, २५ किलोमीटरपर्यंत पल्ला व २५ किलोपर्यंत भार असलेल्या ड्रोनपुरतीच. म्हणजे पल्ला, भार आणि वापर यांवरून फरक करता येतो हे सरकारला मान्य आहे. आपल्या उद्योजकाने करारातच अंतिम वापराचे कलम घालून घ्यावे की, हा माल फवारणी, मोजणी, सफाई, पूर-भूकंपातील मदत यांसाठी आहे. सुट्या भागाच्या बाबतीत हे शंभर टक्के पाळले जाईल अशी हमी कोणी देऊ शकत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही कागदावर लिहिलेली अट ही मनातल्या इच्छेपेक्षा बळकट असते. गंमत अशी की ज्या शस्त्रप्रणालींपासून आपण दूर राहावे असे आम्ही म्हणतो, त्या २०१२ च्या आदेशातही राखीव खरेदीच्या कक्षेबाहेर ठेवलेल्या आहेत. म्हणजे आपला ४ टक्क्यांचा हक्क मुख्यतः नागरी व पूरक साहित्यातच आहे. सम्यक आजीविका आणि कायद्याचा हक्क येथे एकमेकांच्या विरुद्ध उभे नाहीत. मात्र डोळ्यांत तेल घालून एक पाहावे लागेल. फवारणीच्या किंवा मोजणीच्या ड्रोनला ‘संरक्षण साहित्य’ असे लेबल लावून खरेदी अधिकारी आपला हिस्साच गायब करणार नाहीत ना?

तेव्हा करायचे काय? चळवळीतल्या संघटनांनी प्रत्येक मोठ्या प्रदर्शनाआधी आयोजक खात्याला लेखी विचारावे की, अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योगांसाठी किती जागा राखल्या, भाड्यात सवलत किती, हे किती जणांना कळवले. हिंदुस्तान एरोनॉटिक्स, भारत इलेक्ट्रॉनिक्स यांसारखे सार्वजनिक उपक्रम माहितीच्या अधिकाराखाली येतात. त्यांच्याकडून मागील तीन वर्षांत आपल्या उद्योगांकडून झालेल्या खरेदीचा आकडा मागवावा. त्याच २०१२ च्या आदेशात या उद्योजकांसाठी विशेष पुरवठादार विकास कार्यक्रम आणि खरेदीदार-विक्रेता मेळावे घ्यावेत असे म्हटले आहे. ते झाले काय, कधी झाले, किती आले, हे विचारावे. उत्तर असमाधानकारक असेल तर संविधानाच्या अनुच्छेद ३३८ खालील राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाकडे तक्रार न्यावी. आणि परंतुकातली ती पळवाट बुजवण्यासाठी आपल्या खासदारांनी संसदेत मागणी करावी की, जोवर खात्याने पुरवठादार शोधल्याचा पुरावा दिला नाही तोवर आपला हिस्सा दुसऱ्याकडे वळवता येऊ नये.

डिसेंबर २०११ मध्ये दलित उद्योजकांच्या ‘डिक्की’ने मुंबईत स्वतःचे व्यापारी प्रदर्शन भरवले, तेव्हा ‘तुमच्यात उद्योजक आहेत तरी कोठे?’ असे विचारणाऱ्यांना उत्तर मिळाले होते. काहींनी त्याला दलित भांडवलशाही म्हटले. बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’मध्ये महत्त्वाचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे मांडले होते, त्यामुळे त्या टीकेत तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. चार उद्योगपती श्रीमंत झाल्याने समाज मुक्त होत नाही. पण सरकारी खरेदीचा पैसा हा जनतेचा पैसा आहे. त्यातला आपला हिस्सा मागणे ही भांडवलशाहीची आरती नव्हे, ती प्रतिनिधित्वाची मागणी आहे.

आपल्या बापजाद्यांनी गावाच्या बाजारात माल मांडायचा प्रयत्न केला तेव्हा विटाळाचे कारण सांगितले गेले. आज कोणी विटाळ म्हणत नाही, ‘पात्र पुरवठादार सापडला नाही’ म्हणतात. पुढच्या प्रदर्शनाची तारीख जाहीर झाली की आपल्या तरुणांनी अर्ज भरावा, संघटनांनी पत्र टाकावे आणि वकिलांनी फाईल उघडावी. हे वाक्य पुन्हा लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला तारीख, दालन आणि स्टॉलचा क्रमांक दाखवता आला पाहिजे.

जय भीम!